उजेडघुटी

तळगावात सकाळ व्हायची ती घंटेनं. एकदा घण्ण झालं की गल्ल्यांमधले दिवे पिवळे व्हायचे, दुसऱ्यांदा झालं की पांढरे, आणि मग पोरं दात घासायला पळायची. सूर्य होता, पण तो वर, माथ्यावर. मध्ये सह्याद्रीचा अख्खा काळा कातळ. माथ्यावर उन्हाळा असा काही माजला की माणसांनी तिथलं चंबूगबाळं आवरलं आणि कातळाच्या पोटात पोखरून वस्ती केली. त्याला आता तीन पिढ्या झाल्या होत्या. शालनचा जन्म खालचाच, तिच्या आईचाही.

आणि या एवढ्या वस्तीला खायला कोण घालत होतं? शालनची नणंद! विचारा, न विचारा, शालन हे सांगायचीच. डॉक्टर मृण्मयी धमाले म्हणजे तिच्या नवऱ्याची, नंदनची, थोरली बहीण. 'वन्सं' हा शब्द तळगावात कुणी वापरत नव्हतं, पण शालन शाळेत मराठी शिकवायची आणि जुने शब्द मिरवायची तिला भारी हौस. "आमच्या वन्संचा गहू" म्हणताना तिचा चेहरा असा फुलायचा, जणू तो गहू हिनंच दळून त्याच्या पोळ्या लाटल्यात.

तसं बाईंचं कर्तृत्व होतंही अचाट. लग्नानंतर पहिल्यांदा शालन तिच्या प्रयोगशाळेत गेली, तेव्हा तिथल्या दिव्यांनी सगळं वांगी रंगाचं दिसत होतं, वन्संच्या नाकासकट. एका ओळीत गव्हाच्या कोंबांचे ट्रे मांडले होते. निळ्या दिव्याखालचे कोंब ठेंगणे, गुटगुटीत. तांबड्या दिव्याखालचे सरळ आणि शहाणे. त्यापुढच्या ट्रेवर दिवा लागलाय की नाही हेच कळत नव्हतं, आणि तिथले कोंब मात्र उंचच उंच, लुकडे.

"हा कुठला हो रंग?" शालननं विचारलं.

"आम्ही त्याला पल्याडतांबडा म्हणतो. तांबड्याच्या पलीकडचा. आपल्याला तो जेमतेम दिसतो, रोपाला लख्ख कळतो. पान काय करतं, तांबडा उजेड स्वतः पिऊन टाकतं आणि पल्याडतांबडा खाली सोडून देतं. म्हणून रोपाला पल्याडतांबडा जास्त लागला की ते ओळखतं, कुणीतरी शेजारी आपल्या डोक्यावर पान पसरून बसलाय. मग ते जिवाच्या आकांतानं त्याच्या वर जायला बघतं."

"अगबाई! म्हणजे अगदी आमच्या गल्लीसारखंच की!"

मृण्मयी खो खो हसली. मोठ्या माणसांना असतो तसला तोरा तिला नव्हता. समोरच्याला कळेपर्यंत सांगायची. "रोपात एक रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम. तू त्याला पहारेकरी समज. तांबडा उजेड पडला की तो जागा. पल्याडतांबडा पडला, किंवा नुसता अंधार असला, की घोरतोय. पहारेकरी घोरायला लागला की रोपातली संप्रेरकं मोकाट सुटतात. जिबरेलिन म्हणतं, लांब हो. ऑक्झिन म्हणतं, आणखी लांब हो. पहारेकरी जागा झाला की तो दटावतो, पुरे झालं, आता पानं उघडा आणि कामाला लागा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी असं बी घडवलं, की पहारेकऱ्याला झोपच येऊ नये."

बस्स, एवढंच. पण त्या 'एवढंच'नं तळगाव तगलं. पूर्वी शेतगल्ल्यांमधल्या मिणमिणत्या उजेडात गहू दोऱ्यासारखा वाढायचा आणि ओंबी धरायच्या आत आडवा व्हायचा. मृण्मयीच्या गव्हाला वाटायचं, आपण कायम भर उन्हात उभे आहोत. कितीही दाटीत लावा, कितीही कमी दिवे ठेवा, तो उंचीच्या फंदात पडायचाच नाही. सगळं बळ दाण्यात. त्याचं नाव पडलं सदाउजेडी. शालननं त्या दिवशी घरी येऊन नंदनला सांगितलं, "तुमची बहीण म्हणजे ना, नमस्कार करावा असं माणूस आहे." नंदन म्हणाला, "लहानपणी माझ्या वाटणीचा लाडू खायची, ते नाही सांगितलं वाटतं?"

पोटाची ददात मिटली, तरी तळगावाला एक दुखणं होतंच. त्याला काजळी म्हणत. काजळी लागलेलं मूल आधी हसायचं थांबायचं, मग जेवायचं, मग उठायचं. शालनचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता. शेवटी शेवटी तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि हाक मारली तरी वळायचा नाही.

आणि या काजळीवरसुद्धा इलाज काढला तो मृण्मयीनंच! ती म्हणायची, माणसाच्या डोळ्यातही पहारेकरी आहेत. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांचं मुख्य काम काही दाखवण्याचं नसतंच. बाहेर उजाडलंय की मावळलंय, एवढी वर्दी त्या मेंदूला देतात. खऱ्या उन्हापुढे दिव्यांचा उजेड म्हणजे अंधारच. त्यामुळे या पेशी जन्मभर 'उजाडलं नाही, उजाडलं नाही' असंच सांगत राहतात, आणि मेंदू खचत जातो. मृण्मयीनं त्या पेशींमधलं रंगद्रव्य गव्हासारखंच कायमचं जागं करून टाकलं. झोपेची वेगळी व्यवस्था लावली, ती घंटेवर. थेंबभर औषध डोळ्यात घालायचं. तळगावातल्या बायकांनी त्याला नाव दिलं उजेडघुटी.

लोकांच्या लेकरांना देण्याआधी तिनं ती स्वतःच्या डोळ्यात घालून घेतली. मोठ्यांना ती क्वचितच लागू पडायची; मृण्मयीला पडली. मुलांना मात्र पाचवं लागायच्या आत दिली की हमखास. त्यानंतर उपयोग नाही, आणि एकदा दिली की ती उतरवता येत नाही. घुटीची पोरं बघावीत तर डोळे निवावेत! गोड, हसरी, रडं नाही, हट्ट नाही. शालनच्या वर्गात सगळी तशीच. एका पिढीत काजळी नावाला उरली.

नावाला म्हणजे शालनच्या घरात.

तिची लेक शेवंती दरवेळी ऐन घुटीच्या वेळी तापानं फणफणायची आणि पाळी पुढे जायची. आता पाचवं लागायला आलं होतं. दसरा झाला की पहिली पाळी शेवंतीची, असं मृण्मयीनं ठरवून टाकलं होतं. तोवर शालनचा जीव टांगणीला. पोरीनं ताट सरकवायला सुरुवात केली होती. शाळा सुटली की ती हवेच्या झरोक्याखाली जाऊन बसायची. तो झरोका थेट माथ्यापर्यंत गेलेला. वर बघितलं तर टिकलीएवढं पांढरं काहीतरी दिसायचं. शेवंती मान दुखेपर्यंत ते बघायची.

तिचा बाप तिकडेच होता ना. माथ्यावरचं ऊन आता उतरणीला लागलं होतं आणि तिथे जाड भिंतींची, पांढऱ्या छपरांची नवी वाडी उठत होती. बांधणाऱ्यांत नंदन होता. घरं तयार झाली की कुटुंबांनी हळूहळू परत वर जायचं, अशी वस्तीसभेची योजना. नंदन अधूनमधून खाली यायचा, आणि येताना बायकोसाठी पिशवीभर काळी माती आणायचा. लोक साडी आणतात, हा माती आणतो, म्हणून शालन त्याला चिडवायची. पण तिला ती हवी असायची. घटस्थापनेला.

घट धमाल्यांकडे रीतीनं बसायचा. परडीत माती, मातीत गहू, मध्ये पाण्यानं भरलेला घट, रोज एक माळ. देवापुढच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोंब वर यायचे ते पिवळेधमक आणि वीतभर उंच. जितके उंच, तितकं वर्ष चांगलं. दसऱ्याला ते देवीला वाहायचे आणि मग बायकांनी केसात माळायचे, पुरुषांनी टोपीत खोवायचे. आजवर सासूबाईंच्या डब्यातलं जुनं बी पुरलं होतं. यंदा डबा रिकामा झाला, म्हणून शालननं स्वयंपाकघरातलाच गहू पेरला. गहू तो गहू, त्यात काय!

दोन-तीन दिवसांत कोंब दिसले. पण दिसले म्हणजे काय, मातीबरोबर नाकं काढून बसले. एखाद्या बोटाच्या पेराएवढे झाले, पसरले आणि थांबले. शालन रोज सकाळी बघायची, पाणी शिंपडायची, हात जोडायची. ढिम्म.

शेजारच्या गोदाकाकू आरतीला आल्या, परडीकडे बघितलं, आणि हळद-कुंकू घेताना म्हणाल्या, "घट बसला खरा. पण उठला नाही गं."

शालनच्या घरात त्या वेळी एकच काळजी होती आणि गोदाकाकूंना ती ठाऊक होती. काकू गेल्यावर तिनं दुसरी परडी घेतली. आपलं बी वरवर पेरलं गेलं असणार, मुळांना धर नसेल मिळाला, असं तिला वाटलं. म्हणून या खेपेला चांगलं चार बोटं खोल पेरलं. त्यातून तर काहीच आलं नाही. माती जशीच्या तशी. अष्टमीला तिला राहवेना. देवीची क्षमा मागून तिनं परडीत बोट घातलं आणि माती बाजूला सारली.

कोंब होते. सगळेच्या सगळे रुजले होते. पण वर यायच्या ऐवजी त्यांनी खाली मातीतच पानं उघडली होती. चुरगळलेली, दुमडलेली पानं, चार बोटं मातीच्या आत, ऊन खायला पसरावीत तशी पसरलेली.

शालननं परडी उचलली आणि तडक प्रयोगशाळा गाठली.

"वन्सं, तुमच्या गव्हानं माझा घट बुडवला! आता काय तोंड दाखवू गल्लीत?"

"अगं, घटाला सदाउजेडी पेरलास?" मृण्मयीला हसू आवरेना. "तो कशाला उंच होईल? त्याला वाटतं मी उन्हातच..." बोलता बोलता तिनं परडीत डोकावलं. चिमटा घेऊन एक कोंब उचलला, भिंगाखाली धरला, ठेवला, दुसरा उचलला.

"किती खोल पेरलं होतंस?"

"चार बोटं."

"आम्ही कधी मातीत पेरलंच नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "शेतगल्ल्यांत बी ओल्या फडक्यावर पडतं. खोल जायचा प्रश्नच नव्हता. असं कसं माझ्या लक्षात नाही आलं?" मग मान वर करून म्हणाली, "दसरा झाला की आठवड्यानं ये माझ्याकडे. शेवंतीला घेऊन ये. घुटीआधी एक गोष्ट बघायची आहे."

ठरल्या दिवशी मायलेकी गेल्या. मृण्मयीनं शीतकोठीत जपलेलं जुन्या जातीचं बी काढून खोल मातीत पेरलं होतं आणि वर काळी पेटी उपडी घातली होती. दार लावून तिनं पेटी उचलली.

शेवंतीच्या तोंडून "आई गं!" निघालं. सोन्याच्या तारांसारखे कोंब मातीतून सरळ वर आले होते आणि पेटीच्या छताला टेकून वाकले होते. कुठंही जाड पान नाही, फाटा नाही, हिरवा ठिपका नाही. नुसती उंची.

"काय देखणे आहेत!" शालननं नकळत हात जोडले.

"देखणे आहेतच," मृण्मयी म्हणाली. "पण शालन, हे काय आहे माहितीये? दाण्यात जेवढी शिदोरी असते तेवढीच यांच्याजवळ. त्यातला कण न् कण यांनी फक्त वर जायला खर्च केला. पान उघडलं नाही, हिरवा रंग केला नाही. अंधार आहे हे यांना कळलं, आणि उजेड वर असणार या भरवशावर यांनी सगळं पणाला लावलं. एवढ्याशा दाण्याची केवढी ही अक्कल! मी जन्मभर हा दोष समजून काढून टाकत आले. दिवे असलेल्या जागी तो दोषच होता, म्हणा."

"आणि आम्ही तो केसात माळत आलो," शालन म्हणाली.

"योग्य तेच माळत आलात."

शेवंती कोंबांशी नाक लावून बसली होती. शालन तिच्या पाठीकडे बघत राहिली. फ्रॉकमधून पोरीची खांद्याची हाडं दिसत होती. शेवटी तिनं विचारलंच.

"वन्सं, घुटीनंही हेच होतं ना?"

उत्तराची वाट न बघता शालनच बोलत सुटली. "गेल्या हिवाळ्यात मी वर्ग घेऊन माथ्यावर गेले होते. पोरांनी पहिल्यांदा आभाळ बघायचं म्हणून केवढी नाचत होते मी! पोरं रांगेत उभी राहिली, तुमच्या भावानं दिलेले लाडू खाल्ले आणि विचारलं, बाई, परत कधी जायचं? एकानंही मान वर केली नाही हो. आणि मी वेडी, किती गुणी पोरं, किती शिस्तीची, म्हणून गावभर सांगत सुटले! शेवंतीनं तेवढा गोंधळ घातला. खाली यायचं नाही म्हणून मातीत लोळली. तिला मी सगळ्यांसमोर रपाटा घातला."

"हो," मृण्मयी म्हणाली. "हेच होतं. मुलं अंधाराला अंधार म्हणत नाहीत, म्हणून ती जगतात. आणि म्हणूनच ती वर बघत नाहीत."

"मग तुम्ही? तुम्हाला कधी वाटत नाही, वर जावं?"

"नाही." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. "घुटी घेतली त्या दिवसापासून नाही. त्याआधी वाटायचं, एवढं आठवतं. काय वाटायचं, ते नाही आठवत. हे कोंब बघून तुझे डोळे भरले, माझे नाही भरणार. मला काही वाटत नाही शालन, पण मला कळतं. आणि जे कळतंय ते असं, की शेवंतीला घुटी द्यायची नाही. तिला वर ने."

"आणि वर जाऊनही नाही तगली तर? माझा भाऊ..."

"कोंबाची शिदोरी संपायच्या आत उजेड मिळाला तर तो हिरवा होतो. नाही मिळाला तर तसाच आडवा होतो. मी तुला खोटा धीर देणार नाही. वरचा उन्हाळा अजून कडक आहे, पोर अशक्त आहे. इथे घुटी दिली तर ती शंभर टक्के जगेल, हसेल, जेवेल. निवड तुझी आहे. मी फक्त माझं मत सांगितलं."

ज्या बाईनं काजळीवर मात केली, तीच आपल्या भाचीच्या बाबतीत आपलं औषध बाजूला ठेवत होती, आणि तेही मनात कसलीच ओढ नसताना, नुसत्या बुद्धीच्या जोरावर. एवढं मोठं माणूस शालननं दुसरं पाहिलं नव्हतं. तिनं वाकून नमस्कार केला. मृण्मयी म्हणाली, "अगं, कंबर धरेल," आणि तिला उठवलं.

"ज्यांना आधीच दिली त्यांचं काय?" शालननं जाताना विचारलं.

"त्यांना काही कमी पडणार नाही," मृण्मयी म्हणाली. "कधीच नाही."

शालननं शेवंतीची घुटीची पाळी जाऊ दिली. त्याच हिवाळ्यात घरं तयार झाली, तेव्हा वस्तीसभेनं घरोघर विचारलं, कोण कोण वर येणार? मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यासाठी आजे-पणजे झुरले तो दिवस उगवला होता. पण पोरांना विचारलं तर पोरं गोड हसून म्हणायची, नको. भीती नाही, हट्ट नाही, नुसतं नको. इथे काय वाईट आहे? पोरांना खाली टाकून कोण आईबाप वर जाणार? नव्या पांढऱ्या छपरांखाली राहायला निघाली ती मूल नसलेली काही माणसं, आणि एक शेवंती.

निघायच्या दिवशी अख्खा वर्ग माथ्यावर नेणाऱ्या उद्वाहनापाशी निरोप द्यायला आला. शेवंतीची जिवाभावाची मैत्रीण पिकू सगळ्यात पुढे होती. दोघी एका ताटात जेवायच्या. शेवंतीनं तिला गच्च मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागली. पिकूनं तिची पाठ थोपटली, हसत म्हणाली, "जा हं, मज्जा कर," आणि शेजारच्या मुलीचा हात धरून खेळायला वळली.

मृण्मयी शेवटपर्यंत थांबली. शालननं तिचे दोन्ही हात धरले. मृण्मयीनं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले, बारकाईनं, एखादं भिंग पुसावं तसे.

"अशा वेळी काहीतरी म्हणायची पद्धत आहे ना?" ती हळूच म्हणाली. "तुमच्याशिवाय करमणार नाही, असं काहीतरी. ते मी म्हटलंय असं समज. म्हणायला हवं, हे मला कळतंय."

दार मिटलं. उद्वाहन कातळातून वर चढायला लागलं. शेवंती आईच्या कमरेला बिलगून उभी होती.

"आई, आत्याला आपली आठवण येईल ना?"

"येईल की," शालन म्हणाली, आणि पोरीला आपला चेहरा दिसू नये म्हणून तिनं तिला उचलून खांद्यावर घेतलं.